शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी माण तालुक्यातल्या गावांत फिजिओथेरपिस्ट म्हणून जाते हे कळलं, की हा प्रश्न हमखास येतो: "अहो, त्या बायका दिवसभर राबतात. त्यांना वर आणि व्यायाम?" पहिल्या बैठकीत बायकांनीही हेच विचारलं होतं, आणि त्यांचं रास्त होतं.

कांद्याची खुरपणी बघा. बाई सकाळी उकिडवी बसते ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. गुडघे पूर्ण दुमडलेले, कंबर वाकलेली, पुढे सरकायचं तेही बसल्या बसल्या. अंग मोडून येतं, पण मांडीत ताकद यावी असं उठणं-बसणं त्यात नसतं. व्यायामात ताणानंतर विसावा असतो, त्या विसाव्यात स्नायू सावरतो आणि बळकट होतो. मजुरीत वाफा संपेपर्यंत विसावा कुठला?

समाजमंदिरात आम्ही ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजलं. दोन्ही हात छातीशी घ्यायचे, आधार घ्यायचा नाही. ६० ते ६४ वयाच्या बाईला निदान १२ वेळा जमायला हवं. बासष्टीच्या एका काकूंनी सातव्यांदा उठताना खुर्ची धरली. मग खाली बघत हळूच म्हणाल्या, "संडासातनं उठतानाबी असंच हुतं. भिंत धरावी लागती." घरात कुणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. दुखण्यावर गोळ्या मात्र वर्षभर चालू होत्या.

त्यांना दिलं ते एवढंच: दिवसाआड ओट्यावरून उठ-बस, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. खुरपताना अर्ध्या तासाने उभं राहून कंबर मागे न्यायची. आणि गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर झपझप चालणं. गप्पा मारता याव्यात, पण ओवी म्हणता येऊ नये इतपत वेग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, ती अशी भरतात.

खरा अडसर वेगळाच निघाला. बाई नुसती चालताना दिसली की पारावरून विचारणा होते, "काय काम नाही वाटतं?" याचा मला फार राग येतो. म्हणून आम्ही आधी सासवांना बोलावलं. त्या चालायला लागल्यावर सुनांना कुणी अडवलं नाही.

तीन महिन्यांनी काकू ११ वेळा उठल्या. गुडघे अजून दुखतात, पण भिंत लागत नाही. खुरपणी काही सुटलेली नाही. कांद्याच्या हंगामात आमचा वर्ग रात्री आठला भरतो.