बुडी मारणाऱ्या बदकांसोबत एक दिवस

गेल्या जानेवारीत नांदूर मधमेश्वरला गेले होते, निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचा बंधारा, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली ती हीच. तिथे जो तो फ्लेमिंगो आलेत का विचारतो, पण मी ठरवूनच गेले होते की या वेळी फक्त बुडी मारणारी बदकं बघायची.

हळदी-कुंकू किंवा तलवार बदक खाताना डोकं पाण्यात आणि शेपूट वर, अर्धंच बुडतं. शेंडी बदक मात्र आख्खं गायब! बुडायच्या आधी त्याचं अंग एकदम चपटं होतं, पिसांतली हवा दाबून बाहेर काढतं ना म्हणून, मग छोटीशी उडी मारली की पाण्यावर नुसती वलयं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले, १४ सेकंद, १७, १६, एकदा तर २१, आणि वर येताना टपकन, बुचासारखं. खाली गोगलगायी, शिंपले शोधत असतं.

शेजारी वारकरी पक्ष्यांचंही (काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी) तेच चाललेलं, बुडी मारून पाणवनस्पती वर आणायची, पण तिथे एक गडवाल बदक टपून बसलेला. त्याला सहसा बुडी मारायची सवय नाही, मग वारकरी वर आला रे आला की चोचीतलं ओढून घ्यायचा. तासभर हेच बघत होते.

लालसरी या बुडी मारणाऱ्या बदकांचा थवा मात्र चोच पाठीत खुपसून झोपलेला. आधी वाटलं आजारी आहेत की काय, नंतर वाचलं की त्या बरंचसं खाणं रात्री उरकतात, त्यामुळे दिवसाची झोप त्यांना फार गरजेची.

आणि तेवढ्यात एक ग्रुप फोटोसाठी मोठमोठ्याने बोलत अगदी काठापर्यंत आला. बुडी मारणाऱ्या बदकांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, पोहायला एकदम भारी पण उडायचं तर पाण्यावरून पळत पळत वेग घ्यावा लागतो, अर्धंच बुडणाऱ्या बदकांसारखं जागेवरून उठता येत नाही. आख्खा थवा पाणी उडवत पळाला. सैबेरिया, मध्य आशियातून इथवर आलेले जीव, परतीसाठी अंगावर चरबी साठवायची असते, ती अशी खर्ची पडते. प्लीज, लांबूनच बघा ना, दुर्बीण असतेच की.

वीसेक मिनिटांनी थवा परत उतरला. ऊन कलल्यावर एकेक मान पाठीतून बाहेर यायला लागली आणि पहिल्या नराने बुडी मारली.