न सांगितलेलं दार

अमळनेरच्या आमच्या जुन्या घराला दोन दारं होती. पुढचं रस्त्यावर, तिथं आप्पांचं किराणा दुकान, मागचं बोळात. दूधवाला मागच्या दारी यायचा, पोस्टमन पुढच्या. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सकाळी आई चुलीपासूनच ओरडायची, "दूधवाला उना रे, पातीलं ली जाय!" आणि मी कुठलं दार असं न विचारता मागं पळायचो. सांगायची वेळ यायची ती फक्त रीत मोडायची असली तर. सणाच्या दिवशी दुकानासमोर गर्दी असली की आप्पा पोस्टमनला म्हणायचे, "आज मागून या."

आता मी त्याच गावात, त्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, संगणकासमोर बसून प्रोग्रॅम लिहितो आणि पोट भरतो. या दोन दारांची आठवण मला एका रात्री फार जोरात आली.

काम क्षुल्लक होतं. वेबसाइटचा पत्ता घ्यायचा आणि त्यातला नेटवर्कचा भाग, म्हणजे दोन तिरप्या रेघांनंतर आणि पुढच्या तिरप्या रेघेच्या आत जे असतं ते, सुटं करून ठेवायचं. त्यात तीन गोष्टी असू शकतात. आधी माणूस, म्हणजे कोण येतंय त्याचं नाव, मग ॲटचं चिन्ह. नंतर यजमान, म्हणजे ज्या मशीनकडे जायचं तिचं नाव. शेवटी कोलन आणि पोर्टचा आकडा, म्हणजे त्या मशीनचं कितवं दार. दारं ६५,५३५ पर्यंत असतात, पण पत्त्याच्या अगदी सुरुवातीला बोलण्याची रीत लिहिलेली असते, आणि साध्या एचटीटीपी रीतीला ८० नंबरचं, कुलूपवाल्या एचटीटीपीएसला ४४३ नंबरचं दार ठरलेलं. दूधवाला म्हटला की मागचं दार, तसंच. म्हणून पत्त्यात पोर्ट सहसा कुणी लिहीतच नाही.

या सगळ्या तुकड्याला २००५ च्या प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी ३९८६ मध्ये, 'ऑथॉरिटी' म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शब्द उगाच भारदस्त वाटला होता. नंतर पटला. या तुकड्यापुढे जी तिरपी रेघ येते, तिच्या पलीकडे काय कुठं ठेवायचं हे बाहेरचं कुणी ठरवत नाही, यजमान ठरवतो. उंबरा ओलांडला की आईचं राज्य. डाळीचा डबा कुठल्या फळीवर, हे तहसीलदारानं सांगून चालत नाही.

यजमानाचं नाव आपल्या टपाली पत्त्यासारखंच लहानाकडून मोठ्याकडे चढत जातं. मु. पो., मग तालुका, मग जिल्हा. पण रेघ ओलांडली की उलटं, मोठ्या खोलीतून फडताळाकडे उतरत जायचं. म्हणजे अर्धा रस्ता चढ, अर्धा उतार. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्वतःच पुढे म्हटलंय की सगळं एकाच दिशेनं, मोठ्याकडून लहानाकडे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्या दोन तिरप्या रेघांचीही खरं तर गरज नव्हती. आता काय उपयोग! जगभरच्या बोटांना सवय झाली.

तर मी चार कप्पे केले: रीत, माणूस, यजमान, पोर्ट. पोर्ट लिहिलेला नसेल तर काय ठेवायचं, इथं माझं डोकं जास्त चाललं. रिकामा कप्पा मला बघवत नाही. एचटीटीपी असेल तर ८० भरून टाकला. पुढच्याचं काम हलकं केलं, असं वाटून स्वतःवर खूशही झालो.

काही महिन्यांनी गिऱ्हाइकाची सगळी मशीनं कुलूपवाल्या रीतीवर गेली. मी एका ओळीत रीत बदलली, एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस, आणि जेवायला बसलो. भरीत आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळे सावकाश बसलो. परत येऊन बघतो तर एकही मशीन बोलेना. पडद्यावर एकच तक्रार, ओळीमागून ओळ: 'राँग व्हर्जन नंबर'. मी आवृत्त्या तपासल्या, प्रमाणपत्रं तपासली, रात्रीचा दीड वाजवला. आवृत्तीचा काही संबंध नव्हता. कप्प्यातला ८० तसाच बसून होता. माझा प्रोग्रॅम ८० नंबरच्या दारावर जाऊन कुलपाच्या भाषेत बोलत होता, आतला साध्या भाषेत उत्तर देत होता, आणि ते उत्तर न कळून याला वाटत होतं की समोरच्याची आवृत्तीच चुकली. गिऱ्हाइकानं ८० कधीच लिहिलेला नव्हता. तो मी त्याच्या तोंडी घातला होता.

मग मी बाकीचे काय करतात ते बघत बसलो. पायथन भाषेत पोर्ट लिहिला नसेल तर उत्तर येतं 'नन', म्हणजे काहीच नाही. जावा उणे १ देते. असं दार जगात कुठं नसतं, म्हणून 'सांगितलेलं नाही' हे सांगायला ते बरं. जावास्क्रिप्ट कोरी अक्षरमाळ देते, आणि ती आणखी एक पाऊल पुढं जाते: तुम्ही एचटीटीपीपुढं मुद्दाम ८० लिहिला तरी ती तो पुसून कोरंच ठेवते. रीतीप्रमाणेच चाललंय तर बोलायचं कशाला, अशा थाटात. तिघांचं बोलणं वेगळं, पण न सांगितलेल्या जागी कुणीही ८० भरत नाही. दार शेवटी जोडणी करताना, त्या वेळची रीत बघून ठरवायचं.

कोलनवर पत्ता तोडायची चूकही मी करून बसलोय, ती थोडक्यात सांगतो. यजमानाच्या नावाजागी कधी मशीनचा आकडी पत्ता असतो. त्यातल्या नव्या, आयपीव्ही६ पत्त्यांच्या पोटातच कोलन असतात, म्हणून ते चौकटी कंसात बंद करून लिहितात आणि पोर्टचं कोलन कंसाच्या बाहेर येतं. कंस न बघता पहिल्या कोलनवर कुऱ्हाड घातली की पत्त्याचं मुंडकंच हातात येतं. आणि ॲटच्या आधीच्या माणसावर कधी भिस्त ठेवू नये. तिथं कुणी बँकेचं नावही लिहू शकतो, जायचं मात्र ॲटच्या पलीकडे. गावात शिरताना पहिला प्रश्न असतो, "तू कोना पोऱ्या शे?" त्यावर कुणी मोठ्या माणसाचं नाव घेतलं म्हणून तो त्याच घरी चाललाय असं थोडंच आहे!

पण त्या रात्री मला खरं आठवलं ते दादानं केलेलं वहीचं काम. आप्पांची पत्त्यांची वही फाटली होती, म्हणून १९९६ च्या सुमारास दादानं ती नव्या वहीत उतरवली. आप्पा आळशी, शहाद्याकडच्या आत्याच्या पत्त्यात त्यांनी गाव, 'ता. शहादा' आणि पिनकोड एवढंच लिहिलेलं. दादाला माझ्यासारखीच रिकामी जागा बघवत नाही. त्यानं सुंदर अक्षरात 'जि. धुळे' भरलं. तेव्हा ते बरोबरच होतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, शहादा तिकडे गेला, आणि १९९९ च्या उन्हाळ्यात ताईच्या लग्नाच्या पत्रिका वहीवरून गेल्या. पत्रिका पिनकोडच्या जोरावर पोचली. तो सहा आकडी कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि जिल्हे फुटले तरी त्याला घाम फुटत नाही. आत्या मात्र मांडवात आली ती फुगूनच. "माहेरनासले आमना जिल्हा बी माहीत नई," हे तिनं विहिणीसमोर दोनदा ऐकवलं. आप्पांच्या जुन्या, अर्धवट पत्त्यात चूक नव्हती. चूक दादाच्या पूर्ण पत्त्यात होती.

परवा दादा पुतणीच्या लग्नाची यादी करायला आला. वही गेली, आता एक्सेल आलंय. जिल्ह्याच्या रकान्यात दोन चौकोन रिकामे होते आणि त्याचं बोट कळपट्टीवर टेकलेलंच होतं. मी म्हटलं, "थांब, आधी विचार." त्यानं आत्याला फोन लावला, स्पीकरवर. पंचाऐंशी वर्षांची आत्या, आवाज अजून खणखणीत.

"जिल्हा कसाले पाहिजे रे भाऊ? पत्रिका लई तू सोता ये ना!"

दादानं चौकोन कोराच सोडला आणि मोटारसायकलमध्ये पेट्रोल आहे का ते बघायला खाली गेला.