क्लिफच्या मागे उभी असलेली मंडळी

गायकापेक्षा त्याच्या साथीदारांकडे अधिक लक्ष देण्याची मला जुनी खोड आहे. त्यामुळे ब्रिटिश पॉप गायक क्लिफ रिचर्ड, म्हणजे 1940 साली लखनौमध्ये जन्मलेला हॅरी वेब, गात असला तरी माझे कान त्याच्या 'शॅडोज' या साथीच्या वाद्यसंचाकडे, आणि त्यातही बेस गिटारवर कोण आहे याकडे लागलेले असतात.

1958 साली 'ड्रिफ्टर्स' या नावाने जमलेल्या या संचातली क्लिफखेरीजची सगळी माणसे वर्षभराच्या आत बदलली. 'मूव्ह इट' हे क्लिफचे पहिले गाजलेले गाणे ज्याने लिहिले, त्या इयान सॅमवेललाही बेस जेट हॅरिसच्या हाती सोपवून बाजूला व्हावे लागले. न्यूकॅसलहून आलेले हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च गिटारवर होते, तर ड्रमवर जेमतेम पंधरा वर्षांचा टोनी मीहान. अमेरिकेत त्याच नावाचा संच आधीपासूनच असल्याने 1959 मध्ये नावही बदलून 'शॅडोज' झाले.

'अपाची' ही शॅडोजची धून मी आजही ऐकतो ती या चौघांसाठी. हँकची गिटार सगळ्यांनाच ऐकू येते. पण तिच्या खालून जेटचा बेस असा काही भारदस्तपणे चालत राहतो की, तो काढून घेतला तर सुरावट अधांतरी लोंबकळेल. गंमत म्हणजे, या धूनच्या आरंभी आणि अखेरीस जो ढोल वाजतो, तो खुद्द क्लिफने वाजवला आहे. साथीदारांना गायकाने केलेली ही साथ 1960 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली आली, आणि तिने पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले ते क्लिफच्याच गाण्याला!

पुढे 1961 मध्ये मीहान आणि 1962 मध्ये जेट बाहेर पडला. त्यांच्या जागी ब्रायन बेनेट आणि ब्रायन लॉकिंग आले. जानेवारी 1963 मध्ये या नव्या संचाची 'डान्स ऑन' ही धून पहिल्या क्रमांकावर पोहोचली खरी. पण आठवडाभरातच तिला तिथून हटवले ते जेट आणि मीहान यांच्या 'डायमंड्स'ने. सोडून गेलेल्या भिडूंनी असे उट्टे काढल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

लॉकिंगने त्याच वर्षी धर्मकार्यासाठी संच सोडला. त्याच्यानंतर आलेला जॉन रॉस्टिल तंत्रात सर्वांहून सरस होता, हे मान्य करूनही माझे मत जेटलाच. बेनेट मात्र ड्रमवर जो बसला, तो कायमचाच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हँक, ब्रूस आणि बेनेट एवढे तिघेच अधिकृत सदस्य उरले, आणि दौऱ्यांत बेस वाजवणारा अ‍ॅलन जोन्स वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत असूनही संचाचा सदस्य मानला गेला नाही. म्हणजे साथीदारांनीही अखेर आपल्यासाठी साथीदार ठेवले.