सकाळचे दोन

औषध कसं घ्यायचं हे रुग्णांना समजावणारे दोन छोटे इंग्रजी व्हिडिओ होते, त्यांना अम्हारिक, म्हणजे इथियोपियातल्या एका भाषेत, सबटायटल्स द्यायची होती. अनुवाद अदिस अबाबाच्या अनुवादिकेचा. टायमिंग आणि शेवटची तपासणी माझ्याकडे. दुसऱ्या भागाची फाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरला लावली आणि दोन ओळींवर लाल खूण आली : आकडे जुळत नाहीत. इंग्रजीत सकाळी ८ आणि रात्री ८, अम्हारिकमध्ये दोन्हीकडे २.

अनुवाद अचूक होता. इथियोपियात तास उजाडल्यापासून मोजतात. आपल्या मोजणीतले सकाळचे सात म्हणजे त्यांच्या मोजणीत एक, आठ म्हणजे दोन, दुपारचे बारा म्हणजे सहा. संध्याकाळी सहानंतर पुन्हा एकपासून मोजणी सुरू. म्हणून ‘केतेवातू हुलेत सआत’, शब्दशः सकाळचे दोन, म्हणजे आपले सकाळचे आठ. रात्रीच्या आठला ‘केमिशितू हुलेत सआत’. तिथले आठ म्हणजे आपले दुपारचे किंवा मध्यरात्रीनंतरचे दोन.

मग पहिला भाग उघडला. तिथे हीच लाल खूण आली असणार, कारण कुणीतरी २ चे ८ करून टाकले होते. शिवाय ‘केतेवातू’ हा शब्दही गाळला होता. राहिलं होतं नुसतं ‘८ सआत, घ्या’. ते वाचणारा माणूस सकाळची गोळी दुपारी दोनला घेणार.

शब्द का गाळला, तेही बघण्यासारखं आहे. सबटायटल वाचून व्हावं म्हणून लॅटिन लिपीत ओळीला जास्तीत जास्त ४२ अक्षरं, सेकंदाला १७ हे माप सर्रास वापरतात. अम्हारिकचं एक अक्षर म्हणजे स्वरासकट अख्खं व्यंजन. आपल्या बाराखडीसारखंच, फक्त रूपं सात, आणि मात्रा वेगळी न लागता अक्षराचा आकारच बदलतो. इथियोपिया इंग्रजीत ८ अक्षरांत, तिथे ५. त्यामुळे लॅटिनचं माप तिथे फार सैल पडतं आणि आम्ही सेकंदाला १२ धरतो. ही ओळ मोकळ्या जागा धरून १५ अक्षरांची आणि पडद्यावर जेमतेम एक सेकंद, म्हणजे २५ फ्रेम्स. बसत नव्हती, म्हणून पहिलाच शब्द उडवला. खरं तर निवेदक पुढे क्षणभर थांबतो. ओळ ७ फ्रेम्स लांबवून ३२ केली, शब्द परत घातला, काम झालं. जागा कमी पडली की आधी वेळ शोधावी. औषधाच्या ओळीतला शब्द तर शेवटपर्यंत काढू नये.

अनुवादिकेला फोन करून दोन्ही भागांतली प्रत्येक वेळ मोठ्यानं वाचून घेतली. तेव्हाच दुसरी गोष्ट निघाली : पहिल्या भागात ‘घ्या’साठी काही ठिकाणी ‘वुसेद’ होतं, म्हणजे पुरुषाला ‘तू घे’. बाईला म्हणायचं तर ‘वुसेजी’. इंग्रजीतून यातलं काहीच कळत नाही. सगळीकडे आदरार्थी ‘यिवसेदु’ केलं, ते दोघांनाही चालतं.

पहिल्या भागात सबटायटल्स चित्रातच छापलेली होती, त्यामुळे तो पुन्हा रेंडर करावा, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्यानं तयार करावा लागला. पहिल्या खेपेला अक्षरांऐवजी नुसते चौकोन आले. रेंडरच्या मशीनवर इथियोपिक, म्हणजे अम्हारिकच्या लिपीचा, फॉन्टच नव्हता. नोटो सॅन्स इथियोपिक टाकला आणि ओळी नीट दिसल्या. मात्र दोन ठिकाणी अम्हारिक पूर्णविरामाच्या चार ठिपक्यांऐवजी कुणीतरी कोलन दोनदा टाइप केला होता, आणि ओळ तुटताना त्यातला एक खालच्या ओळीवर गेला होता. दोन्हीकडे खरा पूर्णविराम घातला.

फाइल पाठवताना वेळेच्या ओळींना टीप जोडली : तास इथियोपियन आहेत, आकडा बदलू नये.