मापही त्यांचेच, तराजूही त्यांचाच

छोटा व्यवसाय चालवणाऱ्याला हल्ली जो तो एकच सल्ला देतो: समाजमाध्यमांवर या, जाहिरात द्या, ग्राहक आपोआप येतील. आम्ही हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकतो आणि हा सल्ला आम्ही बराच काळ इमानेइतबारे पाळला आहे, तेव्हा पुढील तक्रार लांबून नाके मुरडणाऱ्याची नाही. जाहिरातीवर खर्च होतो याबद्दलही माझे फारसे म्हणणे नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, जाहिरातीची जागा विकणारा आणि त्या जाहिरातीमुळे किती विक्री झाली हे सांगणारा, हे दोघे एकच आहेत.

डॅशबोर्डवरील, म्हणजे जाहिरातीचा हिशेब दाखवणाऱ्या त्यांच्याच पानावरील, 'कन्व्हर्जन'चा (जाहिरातीमुळे झालेल्या विक्रीचा) आकडा कसा तयार होतो, ते पाहण्यासारखे आहे. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या जाहिरातींमध्ये नेहमीची सेटिंग अशी असते की, जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यापासून १ दिवसात खरेदी झाली, तर तिचे श्रेय जाहिरातीच्या खात्यात जमा होते. म्हणजे आमच्याकडून नेमाने वह्या घेणाऱ्या एखाद्या जुन्या ग्राहकाने सकाळी फोनवर बोट फिरवताना आमची जाहिरात न वाचताच वर सरकवली आणि संध्याकाळी स्वतःच्या आठवणीने वही मागवली, तरी ती विक्री जाहिरातीचीच. शिवाय विक्रीसाठी चालवलेली जाहिरात मेटाची यंत्रणा मुळात खरेदीची शक्यता जास्त असलेल्यांनाच शोधून दाखवते. साहजिकच जे घेणारच होते त्यांनी घेतले, यातही तिचेच कर्तृत्व दिसते.

हा माझ्या मनाचा संशय आहे असे कोणी म्हणू नये. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने २०१२ मध्ये आपल्याच नावाच्या शोधशब्दांवरील (कोणी 'ईबे' असे शोधले की दिसणाऱ्या) जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या, तेव्हा जाहिरातीवाटे येणारी जवळजवळ सगळी, म्हणजे ९९.५ टक्के, वर्दळ खालच्या फुकटच्या दुव्यावरून येऊ लागली. इतर शोधशब्दांवरही प्रयोग झाले आणि जाहिरातीचा उपयोग मुख्यतः नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरताच दिसला. खर्चाचा मोठा वाटा मात्र नेहमीच्या ग्राहकांवर होत होता. ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी हे २०१५ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. साबण-शाम्पूसारख्या घरगुती वस्तू बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ मध्ये एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींचा खर्च १० कोटी डॉलरहून अधिक कमी केला आणि विक्रीवर विशेष परिणाम झाला नाही, असे कंपनीनेच सांगितले.

या कंपन्यांना असे करून पाहता येते, आम्हाला येत नाही. खरी अडचण इथे आहे. लुईस आणि राव या दोन अर्थतज्ज्ञांनी मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या २५ जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास केला, तेव्हा लाखो ग्राहकांची नोंद हाताशी असूनही जाहिरातीतून नफा झाला की तोटा, हे बहुतेक ठिकाणी खात्रीने सांगता येईना, कारण माणसांची खरेदी मुळातच फार वरखाली होत असते. मग आमची विक्री एका आठवड्यात दुप्पट आणि पुढच्या आठवड्यात निम्मी झाली, तर त्यातून आम्ही काय ओळखायचे? उरतो तो डॅशबोर्ड, आणि तो तर नेहमीच खुशीत असतो.

त्याच्या खुशीला तडा जातो तो जाहिरात कुठे कुठे दाखवली, ही यादी उघडल्यावर. ती मुख्य पानावर नसते, तीन-चार मेनू ओलांडून शोधावी लागते. एकदा आमच्या यादीत वरपासून खालपर्यंत मोबाइलवरचे खेळ होते: फुगे फोडण्याचे, फळे कापण्याचे, शिवाय एक टॉर्चचे अ‍ॅप. अशा ठिकाणी जाहिरात बंद करण्याची फुली इतकी बारीक असते की, ती दाबायला गेलेले बोट जाहिरातीवरच पडते. त्या प्रत्येक चुकलेल्या बोटाचे पैसे आम्ही भरले होते आणि अहवालात ते सगळे 'क्लिक' म्हणून मोठ्या डौलाने उभे होते. आकडेच चुकले, असेही घडलेले आहे. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिले जातात, याचा आकडा आपण सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवत होतो, अशी कबुली फेसबुकने २०१६ मध्ये दिली. ३ सेकंदांच्या आत सोडून गेलेले प्रेक्षक त्या सरासरीत धरलेच नव्हते.

फॉलोअर जमवण्याबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो की, जमवलेली माणसे आपली नसतात. त्यांच्यापैकी कितीजणांना आपली पोस्ट दिसेल हे दुसराच कोणी ठरवतो, आणि ती कमी जणांना दिसू लागली की शेजारीच 'बूस्ट'चे, म्हणजे पैसे भरून ती जास्त जणांना दाखवण्याचे, बटण तयार असते.

हल्ली आम्ही ऑर्डरच्या फॉर्मवर 'आमच्याबद्दल कुठे कळले?' असा एक रकाना ठेवला आहे. बरेच लोक तो रिकामा सोडतात. काहीजण मित्राचे नाव लिहितात. पुष्कळांचे उत्तर असते, 'कुठेतरी पाहिले होते'. त्यांतल्या बऱ्याच विक्री डॅशबोर्डने मात्र केव्हाच स्वतःच्या नावावर लावून घेतलेल्या असतात.