तुम्ही विचारलंत म्हणून: अंगाला गोळीची सवय होते का?

मिरजेत आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला येणारी माणसं हमखास विचारतात, "मॅडम, अंगाला गोळ्यांची सवय झाली म्हणायची का?" परवा म्हैसाळच्या एका काकूंनीही तेच विचारलं. लघवीला जळजळ होते म्हणून घरात उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तीन गोळ्या त्यांनी मनानंच घेतल्या होत्या.

मी त्यांना कल्चरची प्लेट दाखवली, म्हणजे त्यांच्या लघवीतले जंतू वाढवून पाहायची बशी. आगरच्या जेलीवर साय धरावी तसा जंतूंचा थर, त्यावर ६ मिलिमीटरच्या औषधी चकत्या. नायट्रोफ्युरंटॉइन या दुसऱ्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल, तिथं जंतू वाढलेच नाहीत. सिप्रोच्या चकतीला मात्र जंतू पार चिकटून वाढलेले.

"सवय तुमच्या अंगाला नाही हो काकू, बदलतो तो जंतू. विहीर खोदताना मोटार लावता ना?"

झरे फुटलेले असले तरी उपसा चालू असेल तर माणसं घोटाभर पाण्यात उभी राहून खोदतात. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू म्हणजे ई. कोलाय; त्याच्या पेशीतही औषध झिरपत असतं आणि पडद्यात बसलेले प्रथिनांचे पंप ते बाहेर फेकत असतात. टेट्रासायक्लिनचा असा उपसा १९८० मध्ये बोस्टनच्या लॉरा मॅकमरी, स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवला. या जंतूचा मुख्य पंप अ‍ॅक्रएबी-टॉलसी. पेशीचे दोन्ही पडदे ओलांडून तो थेट बाहेर उघडतो. त्याचे तीन भाग पाळीपाळीनं औषध पकडतात आणि वर ढकलतात; वीज म्हणाल तर पडद्यातून आत येणारे प्रोटॉन. आतड्यातल्या पित्तक्षारांपासूनही तोच जंतूला वाचवतो, म्हणजे आपली औषधं येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथं आहे. आणि तो निवड करत नाही. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रो, सगळं उपसतो. मला धास्ती वाटते ती याचीच: एका औषधामुळे पंप वाढलेले जंतू तगले, की कधी न घेतलेलं औषधही त्यांच्यापुढे कमी पडू शकतं.

काकूंच्या जंतूत पंपच वाढले होते की आणखी काही, हे प्लेट सांगत नाही. नुसत्या उपशावर जंतू सहसा औषधाच्या पूर्ण डोसापुढे टिकतही नाही. पण तो मरत नाही तोवर वाढतो, आणि वाढताना एखाद्याच्या जनुकात असा बदल होतो की सिप्रो ज्या एन्झाइमला धरतं, तिथं त्याची पकडच बसत नाही. घोटाभर पाण्यात खोदकाम होतं ते असं.

"मग मोटारच बंद पाडायचं औषध नाही का?" काकूंनी विचारलं. फार नेमका प्रश्न. पंप तुंबवणारी रसायनं प्रयोगशाळेत सापडली आहेत. पण बरीचशी माणसालाच विषारी ठरतात, आणि दवाखान्यात वापरावं असं एकही अजून आलेलं नाही.

रिपोर्टवर नायट्रोफ्युरंटॉइनपुढे 'एस' होता, म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. तो घेऊन काकू डॉक्टरांकडे गेल्या.