तीन दिवसांची मुदत

"अमेरिकेत कुणीही उठतो आणि बंदूक घेऊन येतो, तपासणीच नसते." आज गप्पांमध्ये कुणीतरी ठामपणे म्हणालं. ते डोक्यातून जाईना.

तपासणी असते. परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो, बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. (खासगी विक्रीला अनेक राज्यांत तेवढंही लागत नाही.) पण कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर आलंच नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो.

एप्रिल २०१५, साउथ कॅरोलिना. २१ वर्षांचा एक तरुण दुकानात पिस्तूल घ्यायला गेला. अमली पदार्थ बाळगल्याचं त्याने आधी पोलिसांकडे कबूल केलेलं. विक्री अडवायला तेवढं पुरेसं होतं. पण नोंदीत अटक करणारं पोलीस खातं चुकीचं होतं. एफबीआयची विचारणा भलतीकडेच गेली, मुदत संपली आणि दुकानदाराने पिस्तूल दिलं. १७ जूनला त्याने त्याच पिस्तुलाने चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या ९ कृष्णवर्णीयांचा जीव घेतला.

त्याच्या मनातला वंशद्वेष फॉर्मवर दिसला नसता, मान्य. हत्यार तरी अडलं असतं!

२०२२ च्या कायद्याने ही मुदत कामकाजाच्या १० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण फक्त २१ वर्षांखालच्यांसाठी. बाकीच्यांना ३ दिवसच का?